पोलंडवरचे इंग्रजी उपकार

पोलंडमध्ये नव्याने उतरलेल्या मराठी माणसाला या देशाची पहिली ओळख बहुतेकदा इंग्रज करून देतो. आपल्याला पोलिश येत नसतं, इंग्रजी येतं. आणि पोलंडबद्दल इंग्रजीतून, तावातावाने आणि फुकट सांगणारा माणूस म्हणजे पंधरा-वीस वर्षं क्राकूव किंवा वॉर्सामध्ये मुरलेला, इथल्याच मुलीशी लग्न केलेला, इंग्रजीच्या शिकवण्या करणारा ब्रिटिश. असे एक गृहस्थ माझ्याही ओळखीचे आहेत. माणूस दिलदार आहे, गप्पांना बसला की उठत नाही, आणि आयत्या वेळी जेवायला थांबवून घेतो (ही सवय त्याला पोलंडनेच लावली असावी). त्यांची मतं त्यांच्यापुरती राहिली असती तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. पण गणपतीत इथल्या आपल्या मंडळींच्या पंगतीत तीच मतं, त्याच क्रमाने, अस्सल मराठीत ऐकू आली. बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पोलंडमध्ये येऊन वर्षही झालेलं नव्हतं.

क्रम असा. पोलिश माणूस हसत नाही, उद्धट आहे. सरकारी कचेऱ्या अजून कम्युनिस्ट काळातच अडकून पडल्या आहेत. ब्रिटनने १९३९ साली या लोकांसाठी महायुद्ध अंगावर घेतलं, २००४ नंतर लाखोंना काम दिलं, तरी यांना त्याची जाण नाही. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, एक स्तुती: काही म्हणा, इथं अजून जुना युरोप शिल्लक आहे, बाहेरच्या लोकांची गर्दी नाही. ही स्तुती हे गृहस्थ एका सावळ्या भारतीयासमोर बिनदिक्कत करतात. तिचा समाचार पुढे घेतो.

हसण्यापासून सुरुवात करू. निरीक्षण खरं आहे. दुकानातली बाई चेहऱ्यावरची रेष न हलवता सुटे पैसे मोजून देते, ट्राममध्ये नजरानजर झाली तर समोरचा नजर काढून घेतो. अनोळखी माणसाकडे बघून दात दाखवणं इथं आगाऊपणाचं किंवा वेडसरपणाचं समजतात. पण त्यावरून उद्धट? मी राहतो ती इमारत सत्तरच्या दशकातली आहे, कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पडद्या जागेवर जोडून उभी केलेली. अशा इमारती साऱ्या पोलंडभर आहेत. इथं लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक जण 'जेन दोब्री' म्हणतो आणि उतरताना निरोपही घेतो, मग आत मुख्याध्यापक असोत नाहीतर जिना धुणारी बाई. दवाखान्यात नवा पेशंट आला की आधी सगळ्यांना मिळून नमस्कार करतो, सगळे उत्तर देतात, मग तो विचारतो की शेवटचं कोण. कुणीतरी हात वर करतं. एवढ्यावर रांग ठरते. चिठ्ठी नको, शिपाई नको. लंडनच्या भुयारी रेल्वेत कुणी डब्यातल्या सगळ्यांना मिळून नमस्कार घातला तर पुढच्या स्टेशनवर अर्धा डबा रिकामा होईल. आता यात उद्धट कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं.

वरच्या मजल्यावरच्या आजी माझ्याकडे बघून अजून एकदाही हसलेल्या नाहीत. शहराबाहेर त्यांचा बागेचा तुकडा आहे, कम्युनिस्ट काळात कामगारांना मिळायचा तसला. ऑगस्टच्या अखेरीला त्यांनी दार वाजवलं आणि काकड्यांची बरणी हातात ठेवली. आत शेपूची फुललेली देठं, लसणाच्या पाकळ्या, एका तिखट मुळाचं पान आणि मिठाचं पाणी. व्हिनेगर घातलेलं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं, जणू त्यांच्यावर तसा आळ आला होता. बरणी धुऊन परत करायची, हेही सांगितलं. पुढच्या थंडीत लेकराला टोपी न घालता बाहेर काढलं म्हणून त्याच आजींनी माझ्या बायकोला जिन्यात, चार लोकांसमोर झापलं. आमचे इंग्रज स्नेही याला दुसऱ्याच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणं म्हणतात. माझ्या बायकोला तो प्रकार सांगलीच्या वाड्यातला वाटला आणि तिने मुकाट्याने टोपी घातली.

कचेऱ्यांबद्दल मी पोलंडची वकिली करणार नाही. परदेशी माणसाला राहण्याचा परवाना मिळायला इथं महिनेच्या महिने लागतात. त्याला दुसरा शब्द नाही, छळ आहे. शिक्क्याचं वेडही आहे. पण गृहस्थांची तक्रार दिरंगाईची नाहीच, चेहऱ्यांची आहे. परवान्याच्या कामासाठी एका कचेरीत मी स्वतः उभा होतो. खिडकीमागच्या बाईंनी वर न बघता कागद ओढून घेतले, एकेक पान उलटलं आणि भाडेकराराच्या तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. घरमालकाची सही तिथं राहून गेली होती. मी मनात म्हटलं, गेले दोन महिने. बाईंनी एक चिठोरं घेतलं, त्यावर ठळक अक्षरांत पान कुठलं, सही कुठं, आणायचं कधीपर्यंत, सगळं लिहिलं. गठ्ठ्यातल्या दोन झेरॉक्स काढून परत दिल्या, या लागत नाहीत म्हणाल्या. आणि पुन्हा आलात की रांगेत उभे राहू नका, थेट या खिडकीशी या, असं सांगून पुढच्या माणसाला हाक मारली. एवढं सगळं होईपर्यंत हसू नाही, 'आपला दिवस चांगला जावो' नाही. काम झालं.

आता दुसरी बाजू. ब्रिटनच्या व्हिसासाठी अर्ज केलेल्या कुणाही भारतीयाला विचारा. नकाराचं पत्र इतकं अदबशीर असतं की आपल्याला नाकारलंय हे कळायला ते दोनदा वाचावं लागतं. सौजन्याच्या शाईत नकार लिहिण्याची ती कला इंग्रजांइतकी कुणाला साधली नाही, आणि आपण तिच्यावर इतकी वर्षं भाळलेलो आहोत की सरळ तोंडाने 'सही राहिली' असं सांगणारी बाई आपल्याला उर्मट वाटते.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर इंग्रज माणसाला इथं परवान्याच्या या रांगेचं तोंडही बघावं लागत नव्हतं. २०२० संपेपर्यंत जे इथं राहत होते त्यांचे हक्क कराराने शाबूत राहिले. १ जानेवारी २०२१ नंतर येणारा ब्रिटिश मात्र पोलिश कायद्याच्या लेखी तिसऱ्या देशाचा नागरिक, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा. त्याच खिडक्या, तेच भाडेकरार. पोलिश नोकरशाहीच्या कम्युनिस्ट स्वभावाची इंग्रजी वर्णनं तेव्हापासून बरीच रसरशीत झाली आहेत.

आता उपकारांकडे येऊ, कारण खरा आरोप तोच आहे.

ब्रिटन पोलंडसाठी युद्धात उतरलं, यातला तारखांचा भाग खरा. ३१ मार्च १९३९ रोजी चेंबरलेन यांनी पार्लमेंटात पोलंडच्या स्वातंत्र्याची हमी दिली, २५ ऑगस्टला परस्पर साहाय्याचा करार झाला, १ सप्टेंबरला जर्मनी घुसला आणि ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारलं. पुढे काय झालं ते या गोष्टीत सांगत नाहीत. पोलंडवर बॉम्ब पडत असताना ब्रिटिश विमानांनी जर्मनीवर पत्रकं टाकली. कागदाची पत्रकं. पश्चिमेकडे फ्रेंच सैन्य थोडं पुढे सरकलं आणि मागे आलं. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा शिरल्या, तर करार फक्त जर्मनीपुरताच होता असं निघालं. शेजारच्या खोलीवर दरोडा पडलेला असताना गॅलरीत उभं राहून 'बघून घेईन' म्हणून ओरडणाऱ्याने पुढे जन्मभर त्या शेजाऱ्याला उपकाराची आठवण करून द्यावी, असला हा प्रकार.

आणि हमी दिली ती काय पोलिश लोकांच्या प्रेमापोटी? सहाच महिने आधी म्युनिकमध्ये ब्रिटनने चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरच्या ताटात वाढला होता. (त्याच धामधुमीत पोलंडनेही चेकोस्लोव्हाकियाचा एक तुकडा गिळला होता. पोलिश मित्र हा विषय निघाला की खिडकीबाहेर बघतात, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.) मार्च १९३९ मध्ये हिटलरने प्राग घेतलं तेव्हा लंडनला कळलं की हा माणूस थांबणारा नाही. हमी होती ती युरोपात एकाच सत्तेचं राज्य होऊ नये म्हणून. यात वाईट काही नाही, सगळी राष्ट्रं असंच वागतात. फक्त त्याची पावती पोलंडच्या नावाने फाडू नये.

या खात्याची दुसरी बाजू तर गृहस्थांनी उघडलेलीच नाही. जर्मनांचं संकेतलिपीचं एनिग्मा यंत्र पहिल्यांदा फोडलं ते पोझनानमध्ये शिकलेल्या गणितज्ञांनी. मारियान रेयेफ्स्की यांनी १९३२ च्या डिसेंबरात त्याची आतली जोडणी गणिताने काढली; येजी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की त्यांचे जोडीदार. युद्धाला जेमतेम पाच आठवडे उरलेले असताना, जुलै १९३९ च्या अखेरीस, वॉर्साजवळच्या पिरी गावात पोलिश हेरखात्याने इंग्रज आणि फ्रेंच अधिकाऱ्यांना बोलावलं, आपली सगळी पद्धत उलगडून दाखवली आणि पुढे यंत्राची एकेक नक्कलही दिली. मोबदल्यात काही मागितलं नाही. ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेदन केंद्राची जी अभिमानगाथा आपण सिनेमात बघतो तिचा पाया हा. रेयेफ्स्की आणि झिगाल्स्की १९४३ मध्ये हाल काढत इंग्लंडला पोचले, तेव्हा त्यांना ब्लेचलीत पाऊल ठेवू दिलं नाही. बॉक्समूरला किरकोळ संकेतलिपींच्या कामावर बसवलं. युद्धानंतर रेयेफ्स्की पोलंडला परतले आणि बिडगोश्चमध्ये हिशेबनीस म्हणून नोकरी करत राहिले. २००१ मध्ये 'एनिग्मा' नावाचा इंग्रजी सिनेमा आला. त्यात एक ठळक पोलिश पात्र होतं. ते फितूर निघतं.

वैमानिकांची गोष्ट गृहस्थांना माहीत आहे, कारण ती आता ब्रिटनमध्येही सांगतात. १९४० च्या हवाई लढाईत १४५ पोलिश वैमानिक लढले. नॉर्थोल्टची ३०३ स्क्वाड्रन ३१ ऑगस्टला, म्हणजे लढाई अर्ध्यावर असताना, कामाला लागली आणि १२६ विमानं पाडल्याचा दावा केला. हा आकडा पोलिश लोक छाती फुगवून सांगतात. सगळ्याच स्क्वाड्रनांप्रमाणे तो कागदावर फुगलेला आहे, प्रत्यक्षातला बराच कमी. तरीही ती त्या लढाईतल्या सर्वांत प्रभावी तुकड्यांपैकी एक होती, याबद्दल वाद नाही. जमिनीवर इटलीतल्या माँटे कासिनोच्या मठावर १८ मे १९४४ रोजी पोलिश झेंडा चढला, जनरल आंदर्स यांच्या कोअरचा.

आणि मग फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा. चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांनी पोलंडची पूर्वेकडची हद्द ठरवली ती जवळजवळ कर्झन रेषेवर. कर्झन म्हणजे आपलेच, बंगालच्या फाळणीचे; १९२० मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असताना त्यांच्या नावाने ती रेषा निघाली होती. तिच्या पलीकडे ल्वूव आणि विल्नो ही शहरं गेली. माँटे कासिनोवर लढलेल्या सैनिकांपैकी कितीतरी जण तिथलेच होते. ज्या घरांसाठी लढलो ती सोव्हिएत संघात गेली, हे त्यांना इटलीतल्या छावण्यांत कळलं. ५ जुलै १९४५ ला ब्रिटनने लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ८ जून १९४६ च्या लंडनमधल्या विजय संचलनात तर ब्रिटिश हुकमतीखाली लढलेली ही पोलिश फौज चाललीच नाही. दोन लाखांहून मोठी फौज होती ती. बोलावणं गेलं होतं ते वॉर्सातल्या नव्या सरकारला, स्टालिन रुसू नये म्हणून. आरडाओरड झाल्यावर २५ वैमानिकांना चालायची परवानगी मिळाली. बाकीच्यांना वगळून आम्ही येत नाही, असं म्हणून तेही गेले नाहीत.

जनरल स्तानिस्वाव माचेक यांच्या चिलखती डिव्हिजनने नेदरलँड्समधलं ब्रेडा शहर सोडवलं. युद्ध संपल्यावर ब्रिटनने त्यांना जनरलचं पेन्शन नाकारलं आणि हा माणूस एडिंबरामध्ये बारच्या काउंटरमागे उभा राहून पेले भरत होता. १०२ वर्षं जगले. पुरलं त्यांना ब्रेडात, त्यांच्या सैनिकांशेजारी. जनरल सोसाबोफ्स्की यांच्यावर आर्नेमच्या लढाईतल्या पराभवाचं खापर फोडलं गेलं. ते लंडनच्या कारखान्यात मजुरी करत राहिले. कातिनमध्ये सोव्हिएतांनी मारलेल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांचं स्मारक लंडनमध्ये १९७६ साली उभं राहिलं, तेव्हाही ब्रिटिश अधिकाऱ्यांना गणवेशात हजर राहायला मनाई होती. मॉस्को दुखावू नये म्हणून.

ब्रिटनच्या पदरात टाकायचं ते टाकू. १९४४ च्या वॉर्सा उठावाला शस्त्रं टाकायला इटलीतून जी विमानं गेली त्यांत ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकी आणि पोलिश तरुण बसून गेले आणि बरेच परत आले नाहीत. १९४७ मध्ये पार्लमेंटाने कायदा करून लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना ब्रिटनमध्ये राहू दिलं, त्यांच्यासाठी शाळा, दवाखाने काढले. आणि तेही कामगार संघटनांचा, विशेषतः खाणकामगारांचा, विरोध पत्करून. हे केलं नसतं तर ती माणसं कुठं गेली असती, सांगता येत नाही. पण ज्यांना बेघर करणाऱ्या करारावर आपणच सही केली, त्यांना खोली दिली, एवढंच ते आहे.

आता मला आपल्या माणसांना विचारायचं आहे. 'त्यांच्यासाठी आम्ही युद्धात उतरलो' हे इंग्रजाने म्हणावं हे एक वेळ समजतं. मराठी माणसाने ते पुन्हा म्हणावं? १९४० मध्ये इंग्लंड 'एकटं' लढलं, हे वाक्य शाळेपासून ऐकतो आपण; त्या एकटेपणात पुढे २५ लाख भारतीय सैनिक सामावले. इटलीत आंदर्स यांच्या कोअरबरोबर त्याच मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे. आठवड्याभराने पोलिश सैन्याने ॲड्रिॲटिकच्या किनाऱ्यावरचं अँकोना घेतलं. एकाच साहेबाच्या हिशेबवहीत दोघांची नावं अशी बारीक अक्षरांत आहेत, आणि आपण त्या वहीचंच वाचन करतो आहोत.

कृतघ्नपणाच्या आरोपाला तर कोल्हापूर हे उत्तर आहे. १९४० ते ४१ मध्ये सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकललेल्या कुटुंबांपैकी काही जण आंदर्स यांच्या सैन्यामागोमाग इराणमार्गे बाहेर पडले. पुरुष लढाईला गेले. बायका, मुलं, म्हातारी माणसं जगभर विखुरली. त्यांतली सुमारे पाच हजार कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिली. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, बालवीरांची पथकं होती. माँटे कासिनोची बातमी वळिवड्यातल्या बराकींमध्ये बायको, आई, बहीण या नात्यांनी ऐकली गेली. याल्टाचीही. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी अनाथ मुलांना ठेवून घेतलं होतं; १९४६ मध्ये तीही बरीचशी वळिवड्याला आली. ही माणसं विसरली का? वॉर्सात 'भल्या महाराजांचा' चौक आहे, जामसाहेबांचं नाव मिरवणारी शाळा आहे, कोल्हापूरच्या नावाचा फलक आहे. वळिवड्यात वाढलेली मुलं म्हातारपणी काठ्या टेकत कोल्हापूरला येऊन गेली आणि महावीर उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी उभी राहिली. आभार कसे मानायचे हे या लोकांना कुणी शिकवायला नको. कुणाचे मानायचे, ते त्यांनी आपलं आपण ठरवलं आहे.

२००४ च्या उपकाराला मी एवढी जागा देणार नाही. १ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात आला तेव्हा पहिल्या दिवसापासून दार उघडलं ते ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने. जर्मनी, ऑस्ट्रियाने २०११ पर्यंत कवाड लावून घेतलं होतं. ब्रिटनला माणसं हवी होती. सरकारने करवून घेतलेल्या अभ्यासात नव्या देशांतून वर्षाला ५ ते १३ हजार येतील असा अंदाज होता. तो किती चुकला ते २०११ च्या जनगणनेत दिसलं, इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा पोलिश निघाली. ही माणसं भाजी तोडायला, ट्रक चालवायला, म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला गेली, कर भरले. त्यांच्या शिक्षणाचा खर्च पोलंडने केलेला होता. पूर्वेकडच्या गावांत मुलं आजी-आजोबांपाशी वाढली. वर्तमानपत्रांनी त्यांना 'युरोअनाथ' असं नाव दिलं. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर हंटिंग्डनमध्ये पोलिश कुटुंबांच्या दारांत त्यांना उपद्रवी किडे म्हणणारी छापील कार्डं पडली, इंग्रजी आणि पोलिश अशा दोन्ही भाषांत. भाषांतराची तसदी घेतली होती. हॅमरस्मिथच्या पोलिश केंद्रावरही कुणी तरी शिव्या रंगवून गेलं. दुसऱ्या दिवशी तिथं शेजारच्या इंग्रजांनी फुलं आणि चिठ्ठ्या आणून ठेवल्या, हेही खरं. तेव्हापासून बरेच पोलिश मायदेशी परतले. २०२३ मध्ये कीर स्टार्मर, तेव्हा विरोधी पक्षनेते, ब्रिटिशांना भीती घालत होते ती अशी की याच गतीने २०३० पर्यंत पोलंड आपल्यापुढे जाईल. उलट दिशेने जे येतात त्यांच्याबद्दल क्राकूवच्या जुन्या गावात राहणाऱ्या कुणालाही विचारा. स्वस्त विमानं शुक्रवारी नवरदेवाच्या मित्रमंडळींनी भरून उतरतात. जुलै २०२३ पासून त्या शहराने मध्यरात्रीनंतर दुकानांत दारू विकायला बंदी केली आहे. सगळा गोंधळ इंग्रजांचाच होता असं नाही. पण रात्री दोन वाजता चौकात गायली जाणारी गाणी कुठल्या भाषेतली असायची, हे शेजाऱ्यांना पाठ आहे.

राहिली स्तुती. बाहेरच्या लोकांची गर्दी नसलेला जुना युरोप. हे ऐकून मला टीकेपेक्षा जास्त राग येतो. पोलंड असा एकरंगी कधी नव्हता. १९३१ च्या जनगणनेत जवळजवळ एक तृतीयांश लोकांची मातृभाषा पोलिश नव्हती. युक्रेनियन, यिडिश, बेलारूसी, जर्मन अशा भाषा होत्या. युद्धाआधीच्या वॉर्सात दर दहा माणसांत तीन ज्यू होते. ती माणसं 'कमी झाली' म्हणजे मारली गेली. उरलेली सरहद्दीबरोबर इकडून तिकडे लोटली गेली. मी राहतो ते व्रोत्सवाफ १९४५ पर्यंत ब्रेस्लाऊ नावाचं जर्मन शहर होतं. जर्मनांना हाकलून त्यांच्या घरांत पूर्वेकडून हाकललेले पोलिश आले. येताना ल्वूवचं ओसोलिनेउम ग्रंथालय बरंचसं आणलं, पुढे तिथल्या नाटककार फ्रेद्रोचा पुतळाही आला. १९५६ पासून तो इथल्या मुख्य चौकात बसलेला आहे. ज्या शांत, गोऱ्या, एकजिनसी शहराची गृहस्थांना ओढ वाटते ते नरसंहाराने आणि हद्दपारीने तयार झालेलं आहे. आणि आता तेही तसं राहिलेलं नाही: २०२२ पासून सुमारे दहा लाख युक्रेनियन निर्वासित इथं आहेत, आमच्या इमारतीत तीन कुटुंबं आहेत, आणि आजींची काकड्यांची बरणी त्यांच्याकडेही जाते.

इथं वर्णद्वेष नाही, असं मी म्हणत नाही. ट्राममध्ये एका माणसाने मला घरी जा म्हणून सांगितलं आहे, ११ नोव्हेंबरच्या, पोलिश स्वातंत्र्यदिनाच्या, वॉर्सातल्या मोर्च्यात कसल्या घोषणा ऐकू येतात तेही ठाऊक आहे. पण हे मला सांगायचंय, आणि पोलिश मित्रांना तोंडावर सांगतोही. गृहस्थांच्या तक्रारींच्या यादीत नेमकं हेच नाही, कारण त्यांना कुणी ट्राममध्ये घरी जा म्हणत नाही. पोलंडमधली सर्वांत खरी खोट त्यांना खोट म्हणून दिसली नाही, उलट गुण म्हणून दिसली.

इतक्या वर्षांत त्यांना पोलिश बोलता आलं नाही, हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं. गरजच पडली नाही म्हणाले, बायको आहे. त्यांचं खरं असेल. त्यांच्या भाच्याला मात्र ती सोय नाही. तो २०२३ मध्ये इथं आला आहे आणि त्याला कायमचं राहायचं आहे. दीर्घकाळच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी आता पोलिशची बी-एक पातळीची परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, व्याकरण, लिहिणं आणि बोलणं. मी त्याच्याबरोबर संध्याकाळच्या वर्गाला जातो. पोलिशच्या सात विभक्तींपैकी चार त्याला छान येतात. तोंडी परीक्षेची त्याला धास्ती आहे. समोर बसलेल्या बाई अजिबात हसत नाहीत, असं त्याला कुणीतरी सांगितलं आहे.